स्थानिक नावाचा रकाना

सत्तावीस वर्षं मी मुलांना व्हॅलिसनेरियाचं परागण शिकवलं आणि ते स्वतः एकदाही पाहिलं नव्हतं. फळ्यावर मात्र झकास काढायची. तळाशी फितीसारखी पानं, लांब देठावरून पाण्यावर आलेलं मादी फूल, सुटून तरंगत निघालेली इवलीशी नर फुलं, आणि काम झाल्यावर वेटोळं घालून फुलाला परत खाली ओढणारा देठ. रंगीत खडूंचं ते चित्र मी आठवडाभर कुणाला पुसू देत नसे. शाळेपासून दहा मिनिटांवर तळं होतं आणि त्या तळ्यात ही वनस्पती होती. मला ते माहीत नव्हतं, आणि जाऊन बघावं असं कधी वाटलंही नाही. विज्ञानाच्या बाईंना पुस्तक पुरत होतं.

शाळा चौक गावाजवळ, लोधिवलीच्या थोडं अलीकडे. मी राहते भिसेगावात, आमच्या चार पिढ्या कर्जतातच गेल्या. रोज सकाळी एसटीने जायचं, दुपारी एसटीने यायचं. खिडकीतून ते तळं दिसायचं. पावसाळ्यानंतर त्यात पांढरी कुमुदं फुलायची आणि कडेला आदिवासी वाडीवरच्या बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या असायच्या. त्या तिथे काय करतात, हा प्रश्नही मला पडला नव्हता. मासे धरत असतील, असं म्हणून मी पेपर तपासायला घ्यायची.

सातवीला अनुकूलनाचा धडा असे. वाळवंटातली झाडं, पाण्यातली झाडं. निवडुंग शाळेच्या कुंपणालाच होता. हायड्रिला तळ्यातून शिपाई आणून द्यायचे. जलपर्णी मात्र आमच्या भागात तेव्हा नव्हती, आणि धड्यात तर तिचंच चित्र मोठं. नेरळला माझी बहीण राहते. तिच्या इमारतीमागच्या नाल्यात जलपर्णी माजलेली असायची. मग दरवर्षी एक रविवार मी बहिणीकडे जायची, तिच्या शिव्या खात नाल्यातून पाच-सहा झाडं ओढायची आणि दुसऱ्या दिवशी बादलीत घालून एसटीने शाळेत न्यायची. कंडक्टर म्हणायचे, बाई, भाजी नेताय का काय? मला या सगळ्याचा फार अभिमान होता. बाकीच्या शाळांत नुसतं चित्र दाखवतात, आमच्याकडे खरं झाड असतं, असं मी चारचौघांत सांगायची.

वर्गात ब्लेडने देठ कापून दाखवायचा. आत स्पंज, स्पंजात हवा, म्हणून झाड तरंगतं. मुलं देठ दाबून दाबून बघायची. तास संपला की उरलेली झाडं शिपाई कचऱ्यात टाकत. एका वर्षी झाडांना फुलं आलेली होती. जांभळी, आणि वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. शिपाई बादली उचलायला आले आणि माझा जीव होईना. म्हटलं, राहू द्या, चांगली फुललेली झाडं कशाला मारायची? वर्गाची रांग केली आणि तळ्यावर घेऊन गेले. पाच झाडं होती. चार मी सोडली, एक पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिलं आणि म्हटलं, सोड, बघ कसं तरंगतं ते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट.

पुढच्या वर्षी नेरळला जावं लागलं नाही. काठाशीच दहा-बारा झाडं होती. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तळ्याचा एक कोपरा हिरवा झाला, आणि तिसऱ्या वर्षी एसटीच्या खिडकीतून पाणीच दिसेना. नुसतं हिरवं मैदान. एका उन्हाळ्यात पोकलेन आणून तळं खरवडलं गेलं. कुमुदांचे कंद, गवत, शिंपल्या, सगळं काठावर ढिगात वाळलं. जलपर्णीचं बी चिखलात राहिलं होतं, ती पावसाळ्यात परत आली. कुमुदं आली नाहीत.

तोवर आजूबाजूला फार्महाऊसं झाली होती. त्यांचं सांडपाणी तळ्यात येतं म्हणून हे झालं, असं सगळे म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात मी म्हणायची. मुलांकडून घोषणांचे फलक रंगवून घेतले, तळ्यावर फेरी काढली, माणसाच्या हव्यासावर भाषण ठोकलं. सांडपाणी येत होतं हे खरंच आहे, जलपर्णी त्याच्यावरच पोसते. पण ती आली कुठून, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. माझ्या लेखी ती पुरात वाहत आली असणार.

निवृत्त झाल्यावर वेळ खायला उठला. कर्जतात एका हॉलमध्ये दर रविवारी तळ्यांबद्दलचा एक अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात नाव घातलं. तिथे माझ्याइतक्या वयाचं कुणीच नव्हतं. मार्गदर्शक चाळिशीचे, मितभाषी गृहस्थ होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी पडद्यावर जलपर्णीचं तेच जांभळं फूल दाखवलं आणि ती नव्या तळ्यात कशी पोचते याचे मार्ग सांगितले. बागेतल्या हौदातून. मत्स्यालयातून. मग म्हणाले, आणि शाळा-कॉलेजातून, प्रात्यक्षिक झाल्यावर शिक्षक उरलेली झाडं दयेपोटी जवळच्या पाण्यात सोडतात. वर्गात दोघं-तिघं हसले. मी वही मिटली. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तरी मी तिथेच बसून होते, आणि मला त्या बादलीची कडी आठवत होती.

प्रत्येकाने एक तळं निवडायचं, पावसाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्याच्यावर जायचं, मिळेल ती पाणवनस्पती ओळखून वाळवून चिकटवायची, असा अभ्यास होता. मी कुठलं तळं निवडलं हे सांगायला नको. मार्गदर्शक म्हणाले, ते तर मेलेलं आहे, तुम्हाला तिथे काय मिळणार? मी म्हटलं, रस्ता ओळखीचा आहे.

पावसाळा सरत आला होता तेव्हा पहिल्यांदा गेले. तळं पार झाकलेलं. पण वाडीच्या बाजूला, जिथे डोंगराचा पाझर येतो, तिथे खोलीएवढं पाणी उघडं होतं. त्याच्या तोंडाशी काठापासून काठापर्यंत बांबू एकमेकांना बांधून आडवे तरंगत सोडले होते आणि जलपर्णी त्या बांबूंच्या पलीकडे अडून राहिली होती. आत एक बाई पाण्यात उभी होती. लुगडं वर खोचलेलं, कपाळावर गोंदण, अंगाने काटकुळी. बांबूखालून आत शिरलेली झाडं उपटून ती काठावर फेकत होती. मी काठावरून विचारलं, काय करतेस गं? तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "उन येऊ देते, बाई. पान्याला उन नाय लागलं तर पानी आंधळं होतं."

अभ्यासक्रमात हेच शिकायला मला तीन रविवार लागले होते. जलपर्णी उजेड अडवते, उजेड नाही म्हणून तळाच्या वनस्पती मरतात, त्या मेल्या की पाण्यातला प्राणवायू जातो, आणि मग मासे जातात.

तिने मला लगेच ओळखलं. "तुमी शाळेच्या बाई. माजी मुलगी तुमच्या वर्गात होती." मुलीचं नाव ऐकल्यावर मला तिची चित्रकला आठवली. तिसऱ्या बाकावर बसायची, माझं व्हॅलिसनेरिया वहीत हुबेहूब उतरवायची. आणि तेही आठवलं, की बादलीतलं पाचवं झाड मी तिच्याच हातात दिलं होतं. दहावीत ती शाळेतून गेली. दिवाळीनंतर सगळं कुटुंब वीटभट्टीवर जायला लागलं, मुलगी गैरहजर राहायला लागली. मी हजेरीपटावर लाल शाईने शेरा मारला होता आणि याच बाईला शाळेत बोलावून सुनावलंही होतं, की तुम्हाला शिक्षणाची किंमत नाही. आता तळ्यात उभं राहून तिने मला सहज सांगितलं, की आधी त्यांच्यातली निम्मी घरं भट्टीवर जात नसत. तळ्यात मासे, झिंगे, चिंबोऱ्या, काठाला भाजी. घर कसंबसं चालायचं. तळं झाकलं तसं एकेक घर जायला लागलं. हे सांगताना ती माझ्याकडे बघतही नव्हती, झाडं उपटत होती.

त्याच दिवशी तिने मला पाण्यात उतरवलं. "चपला काढा. चिखल चपल धरतो, पाय नाय धरत." मी साठीची, गुडघ्यांची पंचाईत, साडी वर खोचायची लाज. तिने माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. त्यानंतर थंडी पडेपर्यंत बहुतेक रविवारी मी तिथे होते. सकाळी तळं, दुपारी वर्ग. काठावर पसरलेल्या पोकळ वेलीची कोवळी टोकं खुडून तिने दाखवलं, ही नाळी, भाजी करायची, जून झाली की चोथा लागते. हाताच्या लांबीचं कणीस असलेलं ते पाणकणीस. टिकलीएवढ्या पानांचं, पाण्यावर साय धरल्यासारखं पसरणारं ते बदकांचं. काही वनस्पतींना तिची नावं होती, काहींना नावाऐवजी काम होतं. फितीसारख्या पानांचं एक बेट दाखवून म्हणाली, ह्याच्यात मरळ पिल्लं ठेवते. लाल लाल पिल्लं, घोळक्याने फिरतात, खाली आई आणि बाप राखण करतात. पिल्लं असली की त्या जोडीला जाळं टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. कुणी टाकलंच तर वाडीवर त्याच्या घरचा मासा कुणी शिजवत नाही.

मी खाली वाकून बघितलं. पाण्यात लांबच लांब देठांची वेटोळी होती. घड्याळातल्या कमानीसारखी, आणि प्रत्येकीच्या टोकाला एक बारीक फळ. मी इतकी वर्षं फळ्यावर काढलेलं व्हॅलिसनेरिया ते. मला रडू आलं. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ही ओळखीची निघाली.

पाण्यातल्या नाजूक झाडाला बाहेर काढलं की त्याचा लगदा होतो. म्हणून परातीत पाणी घ्यायचं, तळाशी जाड कागद बुडवायचा, झाड त्याच्यावर तरंगत पसरू द्यायचं आणि कागद एका बाजूने हळूहळू उचलायचा. मग वर्तमानपत्रात घालून वर वजन ठेवायचं. मी घरून परात नेली होती. ती बघून ती हसत सुटली, "पापड घालताय काय, बाई?" पण दुसऱ्या वेळेपासून कागद तीच उचलायची. माझा हात थरथरतो, तिचा थरथरत नव्हता. माझ्या संग्रहातले चांगले कागद सगळे तिच्या हातचे आहेत.

मी एका ताटलीचे चार भाग काळे-पांढरे रंगवून तिला दोरी बांधली होती. ती पाण्यात सोडायची आणि कुठवर दिसते ते मोजायचं, म्हणजे पाणी किती स्वच्छ ते कळतं. त्या कोपऱ्यात ताटली तळाला टेकेपर्यंत दिसायची. बांबूच्या पलीकडे झाडं बाजूला सारून सोडली तर वीतभर गेली की नाहीशी. वासही यायचा. खोलीएवढ्या त्या कोपऱ्यात मला दहा वनस्पती मिळाल्या, उरलेल्या सगळ्या तळ्यात एक. एका माणसाने आठवड्यातून दोनदा कंबर मोडून जेवढं तळं जिवंत ठेवलं होतं, तेवढंच जिवंत होतं.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चौकट भरायची असे: शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, कोणी दाखवली. दहा कागद झाले. अकरावा जलपर्णीचा. मी पुस्तकी सुरात विचारलं, ह्याला तुमच्यात काय म्हणतात? आम्ही केंदाळ म्हणतो. ती काठावर हात धूत होती. हात धुऊन झाले तरी धूतच राहिली. मग म्हणाली, "ह्याला आमच्यात नाव नाय."

"असं कसं? त्या टिकलीएवढ्यालासुद्धा नाव आहे, आणि एवढ्या मोठ्याला नाही?"

"नंतर आलेलं हाय ते. नाय म्हणून लिवा."

मी काही लिहिलं नाही, रकाना कोरा ठेवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. ही बाई माझ्यामुळे भट्टीवर गेली, हिची मुलगी माझ्यामुळे शाळेतून गेली, असं सरळ म्हणता येत नाही, हे मला कळतं. सांडपाणी होतं, पोकलेन होतं, आणखी शंभर गोष्टी असतील. पण सुरुवात माझ्या बादलीने झाली, आणि ते कळूनही मी दर रविवारी तिच्या हातचा कोरा चहा पीत होते. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, चल, माझी एसटी चुकेल. एसटी त्या दिवशी पाऊण तास उशिरा आली.

भीती कसली होती, तेही सांगते. ती चिडेल याची नव्हती. सत्तावीस वर्षं मी ज्या वाडीला शहाणपण शिकवलं, तिथे मी कोण होते हे तिला कळेल, याची होती. मी वर्गात मुलांना नेहमी म्हणायची, चूक झाली तर उभं राहून सांगा, बाई रागावणार नाहीत. सांगणारी मुलं उभी राहायची, आणि मी रागवायची.

दिवाळीनंतर एका रविवारी गेले तर ती बोचकी बांधत होती. मुलगा आणि सून भट्टीवर निघाले होते, नातवंडं सांभाळायला हिने जायचं. खोकला होता. मी म्हटलं, या वयात कशाला जातेस? म्हणाली, पोरांना कोण बघणार? मुलगी मात्र वाडीवरच राहणार होती, फार्महाऊसवर झाडलोट करायला जायची. मग ती मला तळ्यावर घेऊन आली.

"कोपरा बघा जरा, बाई, मी येईस्तवर. पोरीला सुट्टी नाय. आठवड्याला एकदा ओढून टाकलं तरी पुरं."

मी म्हटलं, बघते. आणि पुढे म्हणाले, "होळीला आलीस की तुला एक गोष्ट सांगायची आहे."

"आता सांगा की."

"नाही, निवांत सांगेन."

ती हसली. "नाय सांगितलं तरी चालतंय," म्हणाली आणि बोचकं घ्यायला वळली. ते वाक्य तेव्हा मला निरोपाचं वाटलं होतं.

मी तीन रविवार गेले. एकटीने पाण्यात उतरायची भीती वाटायची, म्हणून काठावरून काठीने जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं. चौथ्या रविवारी भाचीचं लग्न होतं. पाचव्या रविवारी गुडघा सुजला होता. सहाव्याला कशाने राहिलं ते आठवत नाही, म्हणजे कारण नव्हतंच. नंतर जायची लाज वाटायला लागली. इतके दिवस गेले नाही, आता काय बघायला मिळेल, या विचाराने आणखी दोन महिने घालवले. माझ्यासारख्या माणसांची ही जुनी खोड. आम्ही भाषण वेळेवर करतो.

होळीच्या आधी गेले तेव्हा बांबूची दोरी कुजून तुटलेली होती. कोपरा भरला होता. कुठून कुठवर कोपरा होता, हेही सांगता येत नव्हतं. मी झाडं बाजूला करून ताटली सोडली. वीतभर जाऊन नाहीशी झाली. मी वाडीवर गेले, ती परत आली का ते विचारायला. मुलगी दारात होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा, बाई," आणि आत पाणी आणायला गेली. पाणी दिल्यावर सांगितलं, की आई भट्टीवर असतानाच वारली. खोकला वाढला, ताप आला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. तिकडेच केलं सगळं. तीन आठवडे झाले होते. म्हणजे मी लाजेने घरी बसले होते तेव्हाच.

मुलगी म्हणाली, चला, तळ्यावर जाऊ, आज मला सुट्टी आहे. आईने कोपरा बघायला सांगितला होता, मला जमलं नाही, हे तिने म्हटलं. तिने. मी ते म्हटलं नाही.

ती पाण्यात उतरली आणि आईसारखीच, मुळापासून धरून, अंगाला पीळ देऊन झाडं काठावर फेकायला लागली. मी चपला काढल्या. "तुमी नका उतरू गं, बाई, गुडघे दुखतील," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'गं' ऐकून मला बरं वाटलं आणि त्यामुळेच बहुधा धीर आला. चिखलात उभी राहून मी एका दमात सांगून टाकलं. हे मी आणलं होतं, नेरळहून, बादलीतून. तुम्हाला शिकवायला. उरलेलं मी इथे सोडलं. तुझ्या आईला सांगणार होते, होळीला.

तिने हातातलं झाड फेकलं आणि चेहऱ्यावरचं पाणी पुसलं.

"माहिती हाय की, बाई. मी होते ना तिथं. एक तर माज्याच हातानं सोडलं, तुमी म्हनालात म्हणून. घरी जाऊन आईला सांगितलं होतं, आमच्या बाईंनी तळ्यात फूल सोडलं."

"म्हणजे तुझ्या आईला ठाऊक होतं?"

"सगळ्या वाडीला ठाऊक हाय. आमी त्याला बाईचं फूल म्हंतो. पोरंबी तेच म्हंतात. आई बोलायची, बाईंच्या देखत म्हनू नका, त्यांना वाईट वाटंल."

ती पुन्हा वाकली. मीही वाकले आणि एक झाड मुळापासून धरलं. अंधार पडायच्या आधी आम्ही दोघींनी मिळून चादरीएवढं पाणी उघडं केलं. त्यात काही नव्हतं. नाळी नाही, फितीची पानं नाहीत. ती म्हणाली, येईल, बाई, उन लागलं की येईल. मला तसं खात्रीने वाटत नाही. पण दर रविवारी जाते, आणि आता पाण्यात उतरते.

त्या दिवशी घरी येऊन अकरावा कागद काढला. शाळेची सवय, म्हणून सुवाच्य अक्षरात लिहिलं. स्थानिक नाव: बाईचं फूल. पुढच्या रविवारी फाईल दिली. मार्गदर्शकांनी एकेक कागद उजेडात धरून पाहिला, मांडणीचं कौतुक केलं. ती कुणाच्या हातची ते मी सांगितलं. अकराव्या कागदावर ते थांबले. म्हणाले, हे नाव मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेलं नाही, खात्रीचं आहे ना?

मी म्हटलं, खात्रीचं आहे.